विसरलेले आकडे

सार्वजनिक विश्वस्त संस्थांचे हिशेब तपासण्याचे काम मी बावीस वर्षे करतो आहे, आणि न जुळणाऱ्या हिशेबांनी मला आजवर जेवढा त्रास दिला नाही, तेवढा त्रास मार्चमधल्या एका रविवारी रुपयान् रुपया जुळलेल्या एका हिशेबाने दिला.

रायगड जिल्ह्यातल्या एका गावी आमच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, समाजाचे जुने सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, आहे. त्याच्या छपराची दुरुस्ती नुकतीच झाली होती आणि कौले, सागवानी वासे, पन्हळी, सुतारांची मजुरी हा सगळा व्यवहार तिथले गब्बाय, म्हणजे खजिनदार, एकटेच पाहत होते. वय 76, निवृत्तिवेतनावर घर चालते, अक्षर मोत्यासारखे. मी त्यांना काका म्हणतो. इस्राएलमध्ये दिमोना आणि अश्दोदला स्थायिक झालेल्या नातेवाइकांना छपरासाठी पैसे पाठवायचे होते, परंतु परकीय नागरिकांची देणगी घेण्यास लागणारी केंद्र सरकारची नोंदणी संस्थेकडे नसल्याने मी ते थांबवले होते, आणि त्यावरून समितीचा माझ्यावर आधीपासूनच राग होता.

शनिवारी, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या शब्बाथला, पैशाला आणि लेखणीला हात लावायचा नसतो, म्हणून मी शुक्रवारी सायंकाळीच पोचलो. गावात आता प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमणे हीच मोठी गोष्ट आहे. त्या शब्बाथला मला धरून अकरा होतो. वाचनाचा पाराशा, म्हणजे धर्मग्रंथाचा त्या आठवड्याचा भाग, होता वय्याखेल आणि पेकुदे, शेमोथ (निर्गम) ग्रंथाचा शेवट. मोशेने वाळवंटात उभारलेल्या निवासमंडपाच्या, म्हणजे देवाच्या फिरत्या मंदिराच्या, बांधकामाचा हा भाग ऐकताना बहुतेकांना डुलकी येते, मला मात्र पेकुदेमध्ये कान टवकारावेसे वाटतात, कारण तो शब्दच मोजदादीचा आहे. 6,03,550 पुरुषांनी प्रत्येकी अर्धा शेकेल (हे जुने वजन) दिला, म्हणजे 3,01,775 शेकेल चांदी जमा झाली. 3,000 शेकेलांचा एक किक्कार धरला तर हे 100 किक्कार आणि 1,775 शेकेल होतात. 100 किक्कारांच्या मंडपासाठी 100 बैठका ओतल्या आणि उरलेल्या 1,775 शेकेलांतून खांबांचे आकडे, म्हणजे हूक, वगैरे केले. जमा आणि खर्च समोरासमोर. (सोन्याची जमा 29 किक्कार 730 शेकेल अशी लिहिली आहे, पण ते कशाकशाला लागले याचा तपशील चांदीसारखा तिथे नाही, माझ्यासमोर आले असते तर मी शेरा मारला असता.)

ह्या 1,775 शेकेलांची मिद्राशमध्ये, म्हणजे धर्मग्रंथावरच्या जुन्या कथा-टीकेत, एक कथा आहे. मंडपाचे काम चालू असताना लोक मोशेच्या पाठीमागे कुजबुजत, अम्रामच्या मुलाची (म्हणजे मोशेची) मान पाहा कशी भरली आहे, एवढे मोठे काम ज्याच्या हाती, तो श्रीमंत होणार नाही तर काय. ते कानी आल्यावर मोशेने काम पुरे होताच हिशेब द्यायचे ठरवले आणि हिशेब देता देता नेमके हे 1,775 शेकेल कुठे गेले ते त्याला आठवेना. तो हतबुद्ध होऊन बसला. मग देवाने त्याचे डोळे उघडले आणि त्याला खांबांवरचे आकडे दिसले.

प्रार्थना संपल्यावर पडवीत एका गृहस्थांनी मला हळूच विचारले, "गब्बायच्या घराला नवा रंग लागलाय, पाहिलास का?" ह्या गृहस्थांनी छपरासाठी किती दिले ते मी दुसऱ्या दिवशी पावतीपुस्तकात पाहिले. 101 रुपये.

रविवारी सकाळी रोजमेळाप्रमाणे 23,610 रुपये शिल्लक असायला हवी होती आणि पत्र्याच्या पेटीत बरोबर तेवढीच निघाली. छपराच्या कामात असे होत नसते. दानपेटीच्या चुरगळलेल्या दहा-वीसच्या नोटांखाली पाचशेच्या आठ कोऱ्या करकरीत नोटा होत्या, लागोपाठच्या क्रमांकांच्या. मी त्या वेगळ्या काढल्या आणि काकांकडे पाहिले.

"फेब्रुवारीत 4,350 कमी पडत होते," ते म्हणाले. "तीन रात्री शोधले. मग पेन्शनमधून भरले. समाजाचे नुकसान नको. यात चूक काय?"

चूक अशी की कुणाला तरी दिलेले 4,350 रुपये वहीत नव्हते, आणि नोटांनी ती पोकळी बुजवल्यामुळे ती आता कुणालाच कधी दिसली नसती. आम्ही दिवसभर शोधले. फरकाला नऊने भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल झालेली असण्याची शक्यता असते. इथे भाग जात नव्हता. रक्कम उलट्या बाजूला गेली असेल तर फरक दुप्पट होतो, म्हणून 2,175 ची नोंद शोधली; नव्हती. पावत्यांची स्थळप्रत, सुताराच्या चिठ्ठ्या, कौलांच्या गाडीचे भाडे, सगळे ताडून पाहिले आणि दिवेलागणीपर्यंत हाती काही लागले नाही.

लेखापरीक्षकाला नियमाप्रमाणे ज्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात, त्यांत तपासणीच्या दिवशी हातातली रोकड हिशेबाशी जुळते का, असा एक प्रश्न आहे. "होय" लिहिले असते तर ते अक्षरशः खरे ठरले असते. मी काकांना त्यांचे पैसे परत घ्यायला लावले, 4,350 रुपये उचंत खात्यात, म्हणजे उलगडा न झालेल्या रकमांच्या खात्यात, टाकले आणि अहवालात शेरा लिहिला.

"म्हणजे कागदावर मी चोर."

मी त्यांना मोशेची आठवण करून दिली. त्याने पदरचे शेकेल घालून बेरीज पुरी केली नाही, उणीव उघडी ठेवून बसला, म्हणून तर त्याला खांबांकडे पाहावेसे वाटले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मोशेला देवाने दाखवले. मला कोण दाखवणार?"

उत्तर मला सुचले नाही. एवढ्या कामाचा पैसा एकट्या माणसाच्या हाती ठेवणे हा दोष समितीचा होता. समाजाच्या पैशावर दोघांपेक्षा कमी माणसे नेमू नयेत असे मिश्नात, आमच्या जुन्या नियमसंग्रहात, स्पष्ट आहे, आणि मोशेचा हिशेबसुद्धा अहरोनाचा मुलगा ईथामार याच्या हातून झाला. हेही मी अहवालात सुचवले, पण सभेत ते कुणी वाचले नाही; शेरा मात्र सगळ्यांनी वाचला.

पुढच्या शब्बाथला काका येणार नाहीत, अशी मला धास्ती होती, कारण मी ठाण्याला परतल्यावर ते धरून गावात दहाच उरत होते. ते आले, प्रार्थना झाली आणि ते कुणाशी न बोलता घरी गेले, असे हजानने, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याने, कळवले. तेव्हापासून शनिवार सोडून रोज रात्री मला त्यांच्याकडून व्हाउचरांचे फोटो येतात, चहाच्या वीस रुपयांचेसुद्धा, प्रत्येकावर दोन सह्या. सोबत एक शब्दही नसतो. ते 4,350 रुपये अजून उचंत खात्यात आहेत.