'चेहरा कोणाचा?' या एका रकान्यात अडकलेला माझा फिल्टर (माझा अनुभव)

फिल्टर शेवटी मंजूर झाला. पण मधले तीन नकार अजून डोक्यातून जात नाहीयेत म्हणून लिहितेय, कोणी असंच काही करत असेल तर त्याचे तरी दिवस वाचतील.

काम असं होतं की स्टाइलगॅन टूने (हे नसलेल्या माणसांचे चेहरे बनवणारं एआय मॉडेल) चेहरे तयार करायचे, त्यातले पाच निवडायचे आणि सेल्फी घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर एकातून दुसरा असे हळूहळू बदलत न्यायचे. डोळे मात्र ज्याचे त्याचेच, मास्कला तिथे भोकं ठेवली. अख्खा चेहरा परका आणि त्यातून आपलेच डोळे आपल्याकडे बघतायत, मला तेवढंच दाखवायचं होतं. चेहरे दोन संध्याकाळींत झाले. मास्क बसवणंही सोपं गेलं, कारण मॉडेल ज्या फोटोंवर शिकलंय ते सगळे एकाच मापात कापलेले आहेत, त्यामुळे तयार होणाऱ्या प्रत्येक चेहऱ्याचे डोळे जवळजवळ त्याच जागी येतात, एक नीट बसला की बाकीचे बसलेच.

मग फिल्टर जिथे टाकायचा होता त्यांच्याकडे रिव्ह्यूला, म्हणजे मंजुरीआधीच्या तपासणीला, पाठवला आणि तिथे गाडी अडली.

पहिल्या नकारात एकच ओळ होती, खऱ्या व्यक्तीचा चेहरा परवानगीशिवाय वापरलाय. मी कळवलं की अशी व्यक्तीच नाहीये, चेहरा मॉडेलने बनवलाय. उत्तरात पुन्हा तीच ओळ, अक्षरही बदललेलं नाही, आणि सोबत एक फॉर्म. त्यात 'चेहरा कोणाचा' हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं, आणि खाली त्या व्यक्तीचं संमतीपत्र जोडायचं. कोणाचं जोडणार? मी 'कोणाचाही नाही' असं लिहिलं, तर तिसरा नकार आला, माहिती अपुरी. त्या रात्री वैतागून स्वतःचंच नाव टाकणार होते, टाइपही केलं होतं. पुसलं. ज्या कामात चेहरा कोणाचाच नाही हेच सांगायचंय तिथे मीच खोटं नाव कसं घालू?

एक मान्य करते, त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. हे मॉडेल फ्लिकरवरच्या 70,000 फोटोंवर शिकलंय आणि ते फोटो खऱ्या माणसांचेच आहेत. पण त्याचं खरं उत्तर लिहायला त्या फॉर्ममध्ये जागाच नव्हती, आणि माझा राग त्याचाच आहे.

चौथ्या वेळी मी फॉर्मच्या नादी लागले नाही. फिल्टरच्या वर्णनाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं की हे पाचही चेहरे मॉडेलने तयार केलेत, पुढे प्रत्येकाचा सीड नंबर (ज्या आकड्यावरून मॉडेल तोच चेहरा पुन्हा बनवतं तो) दिला आणि एक स्क्रीन रेकॉर्डिंग जोडलं. सीड टाकला की चेहरा येतो, मग त्यामागचे 512 आकडे थोडे थोडे सरकवले की त्याच बाईचं हसू मावळतं, कपाळ रुंद होतं, एका कानातली रिंग विरघळून केसांत जाते (दुसऱ्या कानात मुळात काही नव्हतंच). हे बघितल्यावर कोणी संमतीपत्र मागितलं नाही. पाच दिवसांनी मंजूर! मी स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

म्हणून सीड नंबर पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा. मी दोन चेहऱ्यांचे ठेवले नव्हते, नुसत्या इमेज सेव्ह केल्या होत्या, ते चेहरे शेवटी काढून त्यांच्या जागी दुसरे घ्यावे लागले आणि त्यातला एक माझा सगळ्यात आवडता होता.

आणि हो, चेहरा समोरून उजेड असलेला घ्या, नाहीतर नाकाची सावली मास्कमध्येच छापली जाते आणि माणूस मान वळवतो तरी ती हलत नाही. तोंडही मिटलेलंच हवं. माझ्या पहिल्या व्हर्जनमध्ये दात दिसत होते, बोलायला लागलं की ते ओठांबरोबर ताणले जायचे, सगळं परत करावं लागलं.