शेवटच्या ओळीतलं नाव

श्रावणात एका रात्री साडेनऊला मामांचा फोन आला. मामा म्हणजे नऊला झोपणारा माणूस, त्यामुळं स्क्रीनवर नाव बघूनच पोटात गोळा आला. तर मामा म्हणाले, "अरे, आमच्या भजनावर कोण तरी हक्क सांगालेत म्हणे, धाकट्यानं मोबाईलवर वाचून दाखवला. आम्ही काय चोरी केलो काय रे?" आवाज एकदम पडलेला. मी सकाळी बघतो म्हणालो खरा पण झोप काही लागली नाही.

मामांचं गाव खानापूर तालुक्यात, भातशेती आणि थोडे काजू, आणि गावच्या विठ्ठल मंदिरात दर एकादशीला भजन. मामा तिथले बुवा, चाळीस वर्षं तरी पुढं बसून तेच गातायत. मीच त्यांना यूट्यूबवर चॅनल काढून दिलं होतं आणि आषाढीचा एक अभंग टाकला होता. अभंग तुकोबांचा, म्हणजे सतराव्या शतकातला. चाल गावातली, मामांच्या वडिलांच्याही आधीपास्नं चालत आलेली. आणि कुठल्याशा एका म्युझिक कंपनीच्या रेकॉर्डिंगशी ते जुळतंय म्हणून यूट्यूबच्या मशीननं त्यावर क्लेम लावून टाकला.

हे मशीन म्हणजे कंटेंट आयडी, 2007 पासून आहे. कंपन्या आपापली गाणी त्यात घालून ठेवतात, मग आपण काही अपलोड केलं की ते त्या साठ्याशी ताडून बघितलं जातं, नुसतं रेकॉर्डिंगच नाही तर चालसुद्धा, आणि जुळलं की दावेदाराला त्या व्हिडिओवरच्या जाहिरातींचे पैसे घेता येतात. ज्यांनी घाम गाळून गाणी केलीत त्यांची चोरी होऊ नये म्हणून ही सोय आहे आणि ती लागतेच, हे मला मान्य आहे. पण आपल्या कॉपीराइट कायद्यात लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी शब्द सगळ्यांचे होतात, आणि तुकोबांना जाऊन पावणेचारशे वर्षं होत आली. कंपनीचा हक्क असेल तर तिच्या स्वतःच्या रेकॉर्डिंगवर, गावाच्या चालीवर कसला. मी तक्रार टाकली, समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस असतात, त्यांनी उत्तरच दिलं नाही आणि क्लेम आपोआप गेला. पैशाचा प्रश्न नव्हताच, चॅनलला हजार सबस्क्रायबर पण नाहीत, जाहिरातींचे पैसे सुरू व्हायला तेवढे तरी लागतात. मामांना लागलं ते "हक्क" या शब्दाचं. ते 30 दिवस त्यांनी भजनात तो अभंग म्हटला नाही, मामीनं सांगितलं मला.

तेव्हापास्नं माझ्या डोक्यात एकच विषय घोळतोय, गाणाऱ्याच्या नावाचा. डिजिटल आलं आणि गाणं सगळीकडं पोचलं, हे सगळे म्हणतात आणि ते खरंच आहे, पण त्या गाण्याबरोबर नाव पोचलं का?

आपल्या संतांनी यावर किती पक्का बंदोबस्त केला होता बघा. अभंगाच्या शेवटच्या ओळीत नाव गुंफलेलं, तुका म्हणे, नामा म्हणे, एका जनार्दनी. नाममुद्रा. नाव काढायचं म्हटलं तर ओळच तुटते. मामी गोकाककडची, माहेरी कन्नड, तिकडच्या संतांच्या वचनांत पण तसंच, बसवण्णांचं वचन असलं की शेवटी कूडलसंगमदेव येणारच, ते आलं की कुणाचं ते कळलं. ना छापखाना होता ना रजिस्टर, तरी शेकडो वर्षं तोंडोतोंडी चालत आलेल्या ओळी कुणाच्या आहेत ते अडाणी माणसाला पण माहीत.

आणि मशीन आलं तेव्हा सुरुवातीला पण हे होतं. 1902 मध्ये ग्रामोफोन कंपनीचे लोक कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहर जान या गायिकेचं गाणं रेकॉर्ड केलं, तीनेक मिनिटांत सगळं बसवायचं आणि गाणं संपता संपता तिनं इंग्रजीतनं मोठ्यानं आपलं नाव सांगायचं, कारण तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत हॅनोव्हरला आणि तिथल्या माणसांना लेबल लावताना कळायला पाहिजे ना की ही कुणाची. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. ही पण नाममुद्राच की!

त्या तबकड्यांनी आमच्या या भागात काय केलं ते सांगायलाच पाहिजे. सुळेभावी बेळगावला लागूनच, तिथं 1924 ला कुमार गंधर्व जन्मले, आणि हे पोरगं लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवायचं. गदगचे भीमसेन जोशी, त्यांनी लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकली आणि असं गाणं शिकायचंच म्हणून घर सोडून निघाले. खाँसाहेब राहायचे आमच्या शेजारी मिरजेत. रेकॉर्डवर नाव होतं म्हणून त्या पोराला कळलं तरी की हे गाणं कुणाचं आणि आपल्याला कुणासारखं व्हायचंय. नुसता आवाज आला असता, नाव नसतं, तर?

आता माझ्या स्वतःच्या हातनं झालेलं सांगतो. 1996-97 ला कॉलेजात असताना मी बेळगावात एका कॅसेटच्या दुकानात संध्याकाळी कामाला होतो. लोक कोरी कॅसेट आणायचे, साठची नाहीतर नव्वदची, आणि वहीच्या कागदावर गाण्यांची यादी. डबल डेकवर एकेक गाणं भरायचं, बी साइडच्या शेवटी गाणं मधेच तुटू नये म्हणून मिनिटांचा हिशोब घालायचा, रीळ गुंतलं की पेन्सिल घालून फिरवायचं. मग आतल्या कार्डावर मी बारीक अक्षरात लिहायचो, गाणं, पिक्चर. गायकाचं नाव जागा उरली तर. संगीतकाराचं, गीतकाराचं कधीच नाही. तेव्हा ते चूक आहे असं वाटलंच नाही, आणि असं भरून देणं ही पण एक चोरीच होती, तेही कुणाला वाटत नव्हतं. आज वाटतं, आणि चांगलंच वाटतं.

त्याच सुमाराला मामांच्या मंडळानं वर्गणी काढून एक कॅसेट केली होती. बारा हजार जमवले, बेळगावात एका स्टुडिओत एका दिवसात आठ अभंग, पाचशे कॅसेटी. कव्हरवर पांडुरंगाचा फोटो आणि मागं सगळ्यांची नावं, बुवा, पेटी, पखवाज, टाळकरी. कॅसेटी जत्रेत विकल्या, पाव्हण्यांना वाटल्या, पन्नासेक मामांच्या माळ्यावर अजून आहेत.

मग एमपीथ्री आलं. कानाला तसंही ऐकू येत नाही असा आवाजातला भाग काढून टाकायचा आणि फाईल सीडीच्या दहाव्या-अकराव्या भागाएवढी करायची, जर्मनीतल्या इंजिनिअरांनी काढलेली युक्ती, 1995 ला फाईलला ते एमपीथ्री नाव मिळालं. बाहेर 1999 ला नॅपस्टरनं, म्हणजे इंटरनेटवरनं एकमेकांची गाणी फुकट घ्यायच्या सोयीनं, धुमाकूळ घातला, आमच्याकडं तो धुमाकूळ आला मेमरी कार्डातनं. चिप म्हणायचे सगळे. माझ्या मावसभावाचं निपाणीत मोबाईलचं दुकान होतं, बाहेर बोर्ड "गाणी भरून मिळतील", एक जीबीला वीस रुपये, दोनशेभर गाणी. कॉम्प्युटरवर फोल्डर, मराठी, हिंदी न्यू, कन्नड, भक्ती, डीजे. तू कुठला हे बघून तो न विचारता फोल्डर टाकायचा. आणि फाईलला नाव काय, तर ट्रॅक 01, ट्रॅक 02, नाहीतर कुठल्या तरी वेबसाईटचं. लता मंगेशकर आणि गल्लीतला कलाकार, दोघं पण ट्रॅक.

तर एकदा मी आणि मामा खानापूरहून बेळगावला वडापनं, म्हणजे सीटवर पैसे घेणाऱ्या गाडीनं, येत होतो. ड्रायव्हरनं गाणी लावलेली, दोन-तीन डीजेची झाली आणि मग एकदम पखवाज वाजला आणि मामांचा आवाज. स्वतःचा आवाज. त्या कॅसेटमधला! कुणी तरी कॅसेटवरनं कॉम्प्युटरवर घेतला असणार आणि मग चिपमधनं चिपमध्ये. मामा पुढच्या सीटवर होते, त्यांनी ड्रायव्हरला विचारलं, "हे कोण गातोय रे?" तो म्हणाला, "म्हाईत नाही काका, चिपमध्ये आलंय. खरं लय भारी गातोय बघा." मामा काही बोलले नाहीत. मी सांगायला तोंड उघडलं तर मागं हात करून त्यांनी माझा गुडघा दाबला. देसूर येईपर्यंत ते खिडकीतनं बाहेर बघत बसले होते. खूश होते की दुखावले होते हे मला आजपर्यंत कळलेलं नाही, मी विचारलं पण नाही.

नंतर 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि चिपचा धंदा वर्ष-दोन वर्षांत बसला, मावसभाऊ आता कव्हर आणि चार्जर विकतो. ऐकणाऱ्याचं म्हणाल तर सोनंच झालं. मामी सकाळी फोनवर वचनं लावते, संध्याकाळी अभंग, आणि फोनला बरोबर कळतंय हिला दोन्ही पाहिजेत. पूर्वी आम्ही रेडिओवर सांगली लागतंय का धारवाड म्हणून काटा फिरवत बसायचो, आता सगळं खिशात. मल्लिकार्जुन मन्सूरांचं गाणं ऐकायला धारवाडहून कुणी तरी कॅसेट आणायची वाट बघावी लागत नाही. मामांच्या त्या आषाढीच्या व्हिडिओखाली गावातल्याच एका जवानाची कमेंट आहे, आता ड्यूटी कुठं ते त्यानं लिहिलं नाही, एवढंच लिहिलंय की आवाज ऐकला आणि देवळाच्या फरशीवर बसल्यासारखं वाटलं. कॅसेटच्या काळात हे शक्यच नव्हतं, आणि मी हे सगळं लिहितोय म्हणून कुणी मला डिजिटलच्या विरोधातला समजू नये.

पण गाणाऱ्याच्या बाजूनं बघा. स्पॉटिफायसारख्या ॲपवर एका ऐकण्याला अमुक इतके पैसे असा ठरलेला दर नसतो, महिन्याची जमा एका हौदात पडते आणि सगळ्या ऐकण्यांत तुमचा वाटा जेवढा तेवढं तुमच्याकडं येतं, तेही वाटेतल्या सगळ्यांचं कापून. 30 सेकंद ऐकलं तरच ते ऐकणं मोजतात. आणि 2024 पासून त्यांचा नियम असा, की गाणं वर्षात किमान 1000 वेळा वाजलं नाही तर त्याचा वाटाच निघत नाही. आता 30 सेकंदांत आमच्या भजनात काय होतं? पखवाजवाला धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावतो, थाप मारून बघतो, थोडी काढतो, परत लावतो, पेटीवाला पट्टी देतो, मामा डोळे मिटून हरी म्हणतात. झाली 30 सेकंद. मला एका जाणकारानं सल्ला दिला की हे कापा, डायरेक्ट गजरापास्नं सुरू करा. मी नाही कापलं, कारण ती कणीक लावताना होणारा आवाज, पखवाज हळूहळू सुरात येतो तो, तो मला लहानपणापास्नं भजनाचाच भाग वाटत आलाय.

वाजवणाऱ्यांचं तर फार वाईट झालंय. आमच्याकडं गणपतीत, लग्नात ऑर्केस्ट्राची सुपारी असायची, आठ-दहा माणसं स्टेजवर, आता एक गायक आणि लॅपटॉपवर ट्रॅक. ओळखीचा एक चांगला बेंजोवाला उद्यमबागेत फाउंड्रीत लागलाय.

नावाचं काय झालं ते राहिलंच. मी मामांचे तीन अभंग त्या ॲपांवर पण चढवायचं ठरवलं, त्यासाठी मधली कंपनी लागते, तिचा फॉर्म भरला. मुख्य कलाकार, गीतकार, संगीतकार. नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये. संगीतकार म्हणून काय लिहू हे मला अर्धा तास कळेना, शेवटी पारंपरिक लिहिलं. टाळकऱ्यांना रकानाच नाही. गाणी आली आठवड्याभरानं आणि बघतो तर मामांच्या नावाचाच दुसरा कुणी तरी गायक आहे, लग्नाची गाणी म्हणतो, आणि मामांचे अभंग त्याच्या पानावर त्याच्या फोटोखाली! ते सुटं करायला दोन महिने ईमेल लिहिली. वडापमध्ये नाव नव्हतं आणि इथं नाव असून माणूस दुसरा.

मी मित्रांना आता एवढंच सांगतो की गाणं पाठवाल, स्टेटसला लावाल, तर खाली कुणाचं ते लिहा, गायक, वाजवणारे, लिहिणारा, माहीत असतील तेवढे. फॉर्म भरणार असाल तर एकेक रकाना नीट भरा, आपल्याकडं 2012 ला कॉपीराइटचा कायदा बदलला आणि गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीचा पक्का हक्क मिळाला, पण नावच भरलेलं नसेल तर तो पोचणार कुणाकडं.

कार्तिकी एकादशीला मी परत गावाला गेलो, यावेळी एक छोटा माईक घेऊन. मोबाईलच्या माईकवर टाळ वाजले की मामांचा आवाज दबायचा, म्हणून टाळकऱ्यांना मागच्या भिंतीला बसवलं, पंखा बंद केला, दार लावून घेतलं. मध्ये चहाला थांबलो तेव्हा मी मामांना गौहर जानची गोष्ट सांगितली. ते ऐकून घेतले आणि "असं काय" एवढंच म्हणाले. मग तोच अभंग, आषाढीचा. तुका म्हणे आलं, गजर झाला, टाळ थांबले, आणि मी बंद करायला हात पुढं केला तर मामांनी बोटानं थांब म्हणून खूण केली. माईककडं तोंड करून त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, गाव, तालुका. मग पेटीवाल्याकडं बोट केलं, त्यानं सांगितलं. पखवाजवाल्यानं सांगितलं. मग एकेक टाळकरी. शेवटी बसलेलं पोरगं सातवीतलं, लाजून इतक्या हळू बोललं की माईकला लागलंच नाही. मामांनी त्याला उठवून पुढं बोलावलं, माईकजवळ उभं केलं आणि परत म्हणायला लावलं.