शनिवारचा ग्रुप

अपघाताला दीड वर्ष झालं तरी पुणे रोडला ट्रकचा हॉर्न वाजला की माझे हात गार पडायचे, रात्री झोप नाही, घरचे म्हणायचे विसर आता, पण विसरणं काय आपल्या हातात असतंय का. शेवटी डॉक्टरांनी ग्रुप थेरपी सांगितली.

पहिल्या शनिवारी सात जण गोल करून बसलो. शेजारी यंत्रमागावर काम करणाऱ्या एक मावशी, नवरा अचानक गेलेला. पदराचं टोक बोटाला गुंडाळत एवढंच बोलल्या, "माग बंद पडला की जी शांतता होती ना, तीच सहन होत नाही बघा." अंगावर काटा आला माझ्या. आमची गाडी उलटल्यावर पण आधी सगळं असंच शांत झालं होतं, हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं, तिथं सांगितलं.

१९०५ साली बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ प्रॅट यांनी टीबीच्या पेशंटना असंच एकत्र बसवलं होतं म्हणे. आमच्यात ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, हा नियम. आणि भीती दाटली की दिसणाऱ्या पाच गोष्टी मोजायच्या, मग हाताला लागणाऱ्या चार, असं मोजत एकापर्यंत खाली यायचं. परवा हायवेलाच मोजल्या, पाचवी होती उसाची ट्रॉली.

कुणाला लगेच बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.