मशीनवर बसून ऐकलेल्या मालिका

हे मी २०२५ संपता संपता लिहितेय. येत्या जानेवारीत स्टार प्रवाहवर ‘मी सावित्रीबाई जोतीराव फुले’ ही मालिका येतेय. मधुराणी प्रभुलकर सावित्रीबाई, डॉ. अमोल कोल्हे जोतीराव. दुकानात येणाऱ्या बायकांचं बोलणं चाललंय ते नऊवारीचं, ती तिला किती शोभून दिसते याचं. मला मात्र एकच कळून घ्यायचंय, ती बोलणार कशी?

चिपळुणात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. टीव्ही भिंतीवर, मशीनच्या डाव्या बाजूला वर. संध्याकाळी साडेसहा ते साडेदहा हा मालिकांचा वेळ, आणि माझा हुक लावायचा, हातशिलाईचा वेळही तोच. नजर सुईवर ठेवावीच लागते, नाहीतर सिल्कवर टाका दिसतो. त्यामुळे मालिका मी ऐकते. कुणाची साडी कुठली, बंगला केवढा, हे गिऱ्हाईक सांगतं तेव्हा मला कळतं. पण कोण खरं बोलतंय आणि कोण नुसतं पाठ केलेलं म्हणतंय, ते मी न बघता सांगू शकते.

म्हणून सावित्रीबाईंची काळजी. आपल्याकडे ऐतिहासिक मालिका लागली की सगळी माणसं भाषण केल्यासारखी बोलायला लागतात. स्वयंपाकघरातली बाईसुद्धा सासूला पाणी देताना इतिहासाला उद्देशून बोलते. सावित्रीबाई अशा बोलत असतील असं मला वाटत नाही. त्या नायगावच्या, सातारा जिल्ह्यातल्या. लहान वयात लग्न होऊन पुण्यात आल्या, नवऱ्याकडून अक्षरं शिकल्या आणि १८४८ मध्ये मुलींना शिकवायला उभ्या राहिल्या. त्यांचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह १८५४ चा. १८५६ मध्ये आजारपणात माहेरी गेल्या असताना त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलंय. १८७७ च्या दुष्काळात जुन्नर भागातून लिहिलेलं पत्रही आहे. ती पत्रं वाचली की बाई कशी विचार करायची, भावाशी कसा वाद घालायची, ते समजतं. जोतीरावांनी तर १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटकच लिहून ठेवलंय, आणि त्यात शेतकरी, त्याची बायको आणि त्यांना फसवणारा जोशी एकमेकांशी बोलतात. तेव्हाची माणसं कशी बोलत असतील याचा एवढा ऐवज घरात असताना संवादलेखकाने तो वापरावा, एवढंच माझं मागणं आहे.

मधुराणीवर माझा भरवसा आहे. ती गाणारी आहे, कवितेत रमणारी आहे, ‘कवितेचं पान’ तिने किती मनापासून केलं. ओळ कुठे सोडायची आणि कुठे धरायची हे तिला समजतं. ‘आई कुठे काय करते’मध्ये तिची अरुंधती चिडायची तेव्हा तिचा आवाज चढायच्या ऐवजी खाली यायचा, आणि माझा पाय मशीनवर आपोआप थांबायचा. डॉ. कोल्ह्यांचं थोडं वेगळं आहे. २००८ मध्ये ‘राजा शिवछत्रपती’, मग २०१७ पासून ‘स्वराज्यरक्षक संभाजी’. तो दरबारातला, रणातला आवाज त्यांच्या गळ्यात पक्का बसलाय आणि तिथे तो हवाच होता. जोतीराव मात्र दरबारातले नव्हेत. बांधकामाची कंत्राटं घेणारा, शेतकऱ्यांत बसणारा, समोरच्याला प्रश्न विचारून कोंडीत पकडणारा माणूस तो. त्यांच्या लिखाणात चिमटे किती आहेत! ते चिमटे गर्जना करून काढता येत नाहीत. कोल्हे हळू बोलले तर ही भूमिका त्यांच्या आधीच्या सगळ्या भूमिकांच्या वर जाईल असं मला मनापासून वाटतं.

याच विषयावर सोनी मराठीवर २०२० मध्ये ‘सावित्री जोती’ होती. ओंकार गोवर्धन जोतीराव, अश्विनी कासार सावित्री. किती शांत आणि अभ्यासू मालिका होती ती. बघणारे कमी पडले आणि वर्षाच्या आत, डिसेंबरात, गोष्ट पुरी व्हायच्या आधीच बंद केली. मला फार लागलं होतं ते. (पुढे तेच ओंकार गोवर्धन ‘आई कुठे काय करते’मध्ये आशुतोष केळकर होऊन आले, अरुंधतीचे दुसरे यजमान. तेव्हाचे जोतीराव आणि आताच्या सावित्रीबाई असे एका घरात नांदून गेलेत.)

हे पुन्हा घडू नये म्हणून थोडं टीआरपीबद्दल. दर गुरुवारी जो आकडा येतो तो बार्कचा, म्हणजे टीव्ही कोण किती बघतं ते मोजणाऱ्या संस्थेचा. ठराविक घरांत मीटर बसवलेले असतात, कोणत्या घरात ते गुप्त ठेवतात, आणि त्या घरांवरून सगळ्या महाराष्ट्राचा अंदाज काढतात. आपण रात्री उशिरा मोबाइलवर भाग बघतो तो त्यात धरला जात नाही. तेव्हा ज्यांना सावित्रीबाईंची गोष्ट शेवटपर्यंत बघायची आहे त्यांनी ती टीव्हीवर, वेळेला लावावी. आपल्या घरात मीटर नसेलही, पण शेजारच्या चार घरांना आपण सांगू शकतो. मी तरी दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला सांगतेय.

आता सध्या चालू आहे त्यातलं.

‘ठरलं तर मग’ डिसेंबर २०२२ पासून चालू आहे, आणि संध्याकाळी त्या वेळेला ट्रायल घ्यायला कुणी येत नाही हे मी गृहीतच धरलंय. मूळ गोष्ट ‘रोजा’ या तमिळ मालिकेची. पण अर्जुन-सायलीचं घर मला आपल्याकडच्या सुभेदारांचंच वाटतं, कारण घरातली माणसं एकमेकांचं बोलणं तोडतात, टोमणे मारतात, जेवायला हाका मारतात. विलासच्या खुनाची, मधुभाऊंची केस कोर्टात चालली होती तेव्हा दुकानातल्या दोघी कारागीर मुली वकिलाच्या प्रश्नाला साक्षीदाराच्या आधी उत्तर द्यायच्या. वकील अर्जुन झालेल्या अमित भानुशालीचं कोर्टातलं बोलणं स्वच्छ असतं, शब्द गिळत नाही.

या मालिकेतला माझा सगळ्यात आवडता आवाज ऑगस्टमध्ये गेला. ज्योती चांदेकर. त्यांची पूर्णा आजी ‘अगं’ म्हणायची त्यात राग की लाड ते पुढचा शब्द यायच्या आधी कळायचं. अशी बाई गेल्यावर ती जागा कशी भरायची? वाहिनीने घाई केली नाही ते बरं केलं. आता रोहिणी हट्टंगडी पूर्णा आजी झाल्यात. त्यांचा आवाज मी ‘चार दिवस सासूचे’पासून ओळखते. त्यातल्या आशालताबाई दोन शब्दांत घर गप्प करायच्या. या दोघींची तुलना करायला माझ्याकडे बायका येतात आणि मी ती करत नाही. आधीच्या आजीची नक्कल न करता त्या आपल्या पद्धतीने बोलतात, ते मला मानाचं वाटतं.

झी मराठीवर ‘वीण दोघांतली ही तुटेना’ ऑगस्टपासून लागतेय. सुबोध भावे आणि तेजश्री प्रधान, म्हणजे दोघेही न ओरडता बोलणारे. वय वाढलेल्या दोन माणसांची गोष्ट, बहीण-भावांची जबाबदारी घेऊन बसलेल्या. दोघंच समोरासमोर असतात तो भाग मी काम बाजूला ठेवून बघतेसुद्धा. पण मधेच घरातलं कटकारस्थान सुरू झालं की तेच चार चेहरे आळीपाळीने, मागे दणदणाट, आणि बोलणं शून्य. बघणाऱ्याला तिथे निदान चेहरा तरी दिसतो. ऐकणाऱ्याला तेवढा वेळ काहीच नाही. अशा वेळात माझे एका ब्लाउजचे निम्मे हुक लावून होतात, खरंच सांगते. एवढी दोन कसलेली माणसं घेतलीत तर त्यांना बोलू द्या.

‘लक्ष्मी निवास’ सुरू झाली तेव्हा मला फार आवडली होती. तुषार दळवी आणि हर्षदा खानविलकर, मुलंबाळं वाढवून झाली, स्वतःचं घर मात्र अजून व्हायचंय. आमच्याकडे घरटी एक अशी गोष्ट आहे. मुंबईत गिरणीत, कारखान्यात जन्म काढायचा आणि गावचं घर बांधायचं राहून जायचं. त्या दोघांच्या रात्रीच्या हिशेबाच्या बोलण्यात जीव आहे. बाकीची भावंडं, त्यांची लग्नं, त्यांचे शत्रू असं करत आता ते दोघंच कमी ऐकू येतात.

‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ डोळे मिटून ऐकता येते, यातच सगळं आलं. नम्रता संभेराव एका वाक्यात तीन बायका होते. प्रभाकर मोरे तोंड उघडतात तेव्हा आमच्याकडचा हेल सोनी मराठीवरून घरोघर जातो.

‘बिग बॉस मराठी’चा सहावा सीझनही जानेवारीतच. सगळे एकदम बोलतात, मी ते लावत नाही. पण पाचव्या सीझनमध्ये बारामतीकडच्या मोढवे गावचा सूरज चव्हाण जिंकला तो त्याच्या बोलण्यावर, हे मी मान्य करते. सगळे त्याला नीट बोलायला शिकवत होते आणि लोकांना तो होता तसाच हवा होता.

आणि हेच मला वाहिन्यांना सांगायचंय. माणसांना मालिकेतलं लक्षात काय राहतं ते बघा. ‘तुझ्यात जीव रंगला’ बंद होऊन वर्षं झाली, अजून आमच्या बाजारात ‘चालतंय की’ म्हणतात. ‘रात्रीस खेळ चाले’मधल्या पांडूचं ‘इसरलंय’ तर शाळेतली पोरं गृहपाठ केला नाही की म्हणायची. तो पांडू करणारे प्रल्हाद कुडतरकर स्वतःच मालिकेचे संवादही लिहायचे, म्हणून तर ते बोलणं इतकं अस्सल होतं. ‘देवमाणूस’मधली सरू आजी, म्हणजे रुक्मिणी सुतार, तिच्या शिव्या आणि म्हणी ऐकायला आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या खुर्च्या घेऊन यायच्या. आणि त्याच मालिकेतला किरण गायकवाडचा डॉक्टर! किती गोड, किती नम्र बोलायचा. न बघता ऐकलं की जास्त भीती वाटायची.

मालवणी आली, कोल्हापुरी आली, साताऱ्याची आली. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मुळे राधिकाची नागपुरी आली. राहिली ती आमची रत्नागिरी जिल्ह्याची संगमेश्वरी. कोकण म्हटलं की मुंबईतल्या लेखकाच्या डोक्यात मालवणीच येते. चिपळूण, संगमेश्वर, देवरुखकडचा माणूस मालवणी बोलत नाही. आमचं ‘आमी जाताव’ वेगळं, आमचा हेल वेगळा, चिडणं वेगळं. ‘कोण होतीस तू, काय झालीस तू’ कोकणातली आणि त्यात वैभव मांगले आहेत असं कळल्यावर मी किती आशेने बसले होते. मांगले देवरुखचे, संगमेश्वरी त्यांच्या तोंडात लहानपणापासूनची. त्यांना मोकळं सोडलं तेव्हा तेव्हा मजा आली. पण बाकी सगळं घर पुस्तकात छापल्यासारखं बोलतं. नारळी-पोफळी, अंगण, तुळस दाखवलं की कोकण झालं असं होत नाही हो.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूण बाजारपेठेत शिरलं. माझं दुकान, मशीन, कापडं, टीव्ही, सगळं चिखलात गेलं. नंतरच्या दिवसांत चिखल उपसताना आम्ही जे बोललो, जसं रडलो, जसं एकमेकांना हसवलं, ते पुण्या-मुंबईच्या भाषेत लिहून दाखवा कुणी. नाही जमायचं. पुरानंतर उभ्या राहिलेल्या एका बाजारपेठेची मालिका कुणी काढली तर तिला पहिल्या भागापासून बघणारं गाव तयार आहे. भांड्याचं दुकान, औषधाचं दुकान, वरच्या माळ्यावर अडकलेली सासू-सून, मुंबईहून धावत आलेला मुलगा. कट करणारी जाऊ नको आणि मंगळसूत्र तुटायला नको.

कलाकारांचीही वानवा नाही. आमच्या जिल्ह्यात गावोगाव नमन या लोकनाट्याची मंडळं आहेत, जाखडीचा नाच आहे. शिमग्यानंतर आणि गणपतीत रात्र रात्र उभं राहून संवाद म्हणणारी, ऐनवेळी सुचेल ते बोलून प्रेक्षकाला लोळवणारी माणसं आहेत. दिवसा ती रिक्षा चालवतात, आंब्याच्या पेट्या भरतात. नमनातली गवळण-मावशी ऐका एकदा, मग ठरवा विनोदी भूमिकेला कुणाला घ्यायचं ते. एखाद्या वाहिनीवरचं किंवा निर्मात्याकडचं कुणी हे वाचत असेल तर शिमग्यात, मार्चमध्ये, चिपळूणला या. कुठल्या वाडीत कुठल्या रात्री नमन आहे ते मी सांगेन, आणि पुढे नेऊन बसवेनही.