गणपतराव पानसे तोफा घेऊन बाहेर पडले

पेशवाई बुडाली ती पुण्यात, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण पेशव्यांच्या पायदळाची आणि तोफखान्याची शेवटची मोठी लढाई आपल्या सोलापुरात झाली, भुईकोट किल्ल्याच्या आसपास, १० मे १८१८ ला. मी तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे हा विषय माझ्या मनातून जात नाही.

त्या दिवशी पेशवे दुसरे बाजीराव सोलापुरापासून शेकडो मैल लांब, उत्तरेत होते. फेब्रुवारीत आपल्याच मोहोळ तालुक्यातल्या आष्टीला त्यांचे सेनापती बापू गोखले लढता लढता पडले आणि बाजीराव निसटले. त्याच महिन्यात, ११ तारखेला, इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने साताऱ्याहून जाहीरनामा काढला होता: जे जहागीरदार दोन महिन्यांत बाजीरावांना सोडून घरी परततील, त्यांच्या जमिनी त्यांच्याकडेच राहतील. नेम बरोबर लागला. पटवर्धनांसारखे मातब्बरही बाजूला झाले. ज्याच्याकडे राखायला जमीन होती, त्याला घरी जायला कारण मिळालं. तोफ डागणाऱ्या गोलंदाजाकडे कसली आलीय जहागीर?

सोलापूरची फौज तरीही जागेवर होती. घोडेस्वार, पायदळ, त्यात हजारावर अरब, आणि तोफा. प्रमुख गणपतराव पानसे, पेशव्यांचा तोफखाना पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या घराण्यातले. चालून आलेल्या इंग्रज फौजेचा सेनापती मन्रो. त्याने तहाचं बोलणं करायला सुभेदार चैनसिंगला पाठवलं, त्याला अरबांनी तटाखाली मारून टाकलं. हे मला कुठल्याच इमानात बसवता येत नाही. बोलणी करायला आलेल्यावर हात टाकायचा नसतो, शत्रूचा असला तरी.

दहा तारखेला इंग्रजांनी शिड्या लावून किल्ल्याबाहेरची पेठ घेतली. तेव्हा गणपतराव तोफा घेऊन पेठेच्या पूर्वेकडून वळसा मारून बाहेर आले आणि उघड्यावर मारा सुरू केला. तेवढ्यात त्यांचा दारूगोळ्याचा एक गाडा फुटला. आमच्या वेळी दारूगोळ्याची गाडी तोफांपासून लांब, आडोशाला लावायची सक्त ताकीद असायची, ती याचसाठी. गाडा फुटला की जनावरं उधळतात, कानांत दडे बसतात, धुरात हुकूम पोचत नाही, आणि दारूविना तोफ म्हणजे नुसता ओंडका. त्या गोंधळातच इंग्रज चालून आले. गणपतराव जबर जखमी झाले, त्यांचा दुय्यम ठार झाला, तोफा गेल्या.

संध्याकाळी फौज फुटली. सीना नदीकडे निघालेल्यांचा इंग्रजांच्या घोडदळाने पाठलाग करून शेकडो माणसं कापली. किल्ला १५ मेला खाली झाला. बाजीराव ३ जूनला इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाले, सालिना आठ लाखांचा तनखा ठरवून. जाता जाता त्यांच्या सोबतच्या अरबांनी थकलेल्या पगारासाठी त्यांनाच घेरलं होतं.

भाचा म्हणाला, "मामा, मालकच पळून गेलाय, मग ह्यांनी कशाला मरायचं?" मी त्याला म्हटलं, बाळा, तोफेवरच्या माणसाला मालक दिसत नसतो, शेजारचा दिसतो. तो उभा असेपर्यंत तू हलत नाहीस. सीनेकडे पळालेल्यांना फितूर म्हणू नकोस. दिवसभर लढून, सरदार पडल्यावर निघाले ते. जाहीरनामा वाचून घरी गेलेल्यांचा हिशेब वेगळा मांड.

येत्या १० मेला त्याला घेऊन किल्ल्याभोवती फिरणार आहे. तोफा साधारण कुठल्या बाजूने आल्या असतील, ते जागेवर उभं राहून दाखवायचंय. कुणाला यायचं असेल तर सकाळी लवकर या, नंतर ऊन सोसत नाही.