पोत्यातली क्राऊन-पिनियन

आण्णांनी गाडी लावली, मागचं दार उघडलं आणि खताच्या पोत्यात गुंडाळलेली जुनी क्राऊन-पिनियन, म्हणजे इंजिनचा फेरा मागच्या चाकांकडं वळवणारी दातेरी जोडी, काढून माझ्या बेंचवर ठेवली. म्हणाले, "मिस्त्री, गाडी मागनं बघा. आदी एवढंच सांगा, ह्ये खरंच गेलेलं हाय का?"

गाडी 2001 ची सुमो, गगनबावड्याकडची. मीटर दोनदा बदललाय पण आण्णा डिझेल भरलं की तारीख आणि आकडा डायरीत लिहितात, त्यावरनं 4 लाख 12 हजार किलोमीटर झालेत. आधी वडापला, म्हणजे सीटवर प्रवासी घ्यायला होती, मग घरची झाली, आणि गावात रात्री कुणाला कोल्हापूरला सीपीआर दवाखान्यात न्यायचं म्हटलं की अजून हीच निघते.

तक्रार दोन. गिअर टाकून क्लच सोडला की मागनं टण्ण, आणि साठच्या पुढं सीटखाली थरथर. एका गॅरेजमध्ये आधी क्लच प्लेट बदलली, मग गिअरबॉक्सची माउंटिंग, मग क्राऊन-पिनियन. सगळे मिळून 41 हजार. टण्ण आहे तिथंच, थरथर आहे तिथंच, आणि वर सत्तरला मागनं घूंऽऽ असा आवाज, तो आधी नव्हता.

पोत्यातली जोडी रॉकेलनं धुऊन उन्हात धरली. क्राऊन-पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनंच तयार करतात, दोन्हीवर जोडीचा नंबर कोरलेला असतो, म्हणून एक बदलून चालत नाही. नंबर जुळत होते. दाताच्या बरोबर मधे चकचकीत पट्टा, कड कुठं तुटलेली नाही, निळेपणा नाही, खड्डे नाहीत. चार लाख पळालेली जोडी इतकी सुंदर असू शकते हे माझ्याकडच्या पोरांना मुद्दाम बोलावून दाखवलं.

मग आण्णांची डायरी मागितली. बाकी कुणी ती मागितलीच नव्हती याचा मला फार राग येतो, गिऱ्हाईक सगळं लिहून आणतं आणि आपण पाना हातात घेऊन खाली जातो. डायरीत टण्ण आवाज दोन वर्षांपूर्वीपासून आणि थरथर क्लच प्लेट बदलली त्याच आठवड्यापासून! म्हणजे ही दोन दुखणी वेगळी, आणि थरथर गाडीला गॅरेजनं दिलेली.

शिरोलीच्या पुढं हायवेला नेली. पासष्टला थरथर आल्यावर गिअर न्यूट्रल केला आणि इंजिन आयडलला आणलं तरी थरथर तशीच, म्हणजे इंजिन नाही क्लच नाही, गिअरबॉक्सच्या मागं बघायचं. पिटवर घेऊन गिअरबॉक्सपासून मागं फेरा नेणाऱ्या शाफ्टाला वायर ब्रश मारला तर स्लिप जॉइंटच्या, म्हणजे शाफ्टाचे दोन भाग एकात एक सरकतात त्या सांध्याच्या, दोन्ही बाजूला मातीखाली बाण दिसले, आणि ते समोरासमोर नव्हते, तीन दात सरकलेले. क्लचच्या कामात शाफ्ट काढला, तो मधनं निसटला आणि हाताला येईल तसा परत घातला. शाफ्टाच्या टोकाचा क्रॉस, म्हणजे वाकणारा सांधा, तिरका फिरतो तेव्हा त्याच्या पलीकडचा शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा जोरात आणि दोनदा हळू होतो. मागचा क्रॉस तेच उलटं करून हिशोब मिटवतो, पण दोन्ही योक, म्हणजे क्रॉस धरणारे काटे, एका रेषेत असतील तरच. नसतील तर शाफ्ट कितीही बॅलन्स करा, गाडी थरथरणारच. बाण जुळवायला खर्च शून्य.

क्रॉस पण गेलेलेच होते. टोप्यांच्या कडेला तांबडी पूड म्हणजे आत ग्रीस कधीच संपलेलं, आणि खोलल्यावर क्रॉसच्या चारी दांड्यांवर बेअरिंगच्या सुयांचे वळ उठलेले, नख फिरवलं तरी अडकत होतं. नवीन टाकले. टण्ण निम्मा झाला.

उरलेला निम्मा हाच माझ्या डोक्यातनं जात नाही.

शाफ्ट सोडून पिनियनच्या फ्लँजवर, म्हणजे शाफ्ट जोडतात त्या तबकडीवर, खडूची रेघ मारली, चाकं खाली पक्की, आणि फ्लँज हातानं इकडनं तिकडं हलवली तर रेघ 9 मिलीमीटर सरकत होती. हे बघितलं की कुणीही म्हणेल क्राऊन-पिनियन गेली. पण जरा हिशोब करा. क्राऊनच्या दातावर चाल, म्हणजे दातातली मोकळी हालचाल, बरोबर असते साधारण 0.15 ते 0.25 मिलीमीटर, ती फ्लँजच्या कडेला फार तर अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास जाते. आणि क्राऊनच्या आतल्या, दोन चाकांना फेरा वाटून देणाऱ्या स्टार-सन गिअरमध्ये किंवा त्यांच्या वॉशरमध्ये चाल असेल तर ती चाकाच्या बाजूची चाल, ती पिनियनला येताना चौपट होऊन येते कारण पिनियन चार फेरे फिरते तेव्हा चाक एक फिरतं. चाकाकडं दोन डिग्री झिजलं की इथं आठ डिग्री दिसतं. हातानं हलवून हे दोन्ही वेगळं कळतच नाही, उघडून क्राऊनवर डायल गेज, म्हणजे बारीक चाल मोजायचं घड्याळ, लावावाच लागतो.

उघडलं. स्टार गिअरची पिन दोन ठिकाणी खाल्लेली, वॉशर ब्लेडसारखे पातळ, त्यातला एक तर दोन तुकडे. नवीन क्राऊनवर डायल लावला तर चाल 0.45, आणि दात कुठं टेकतात ते बघायला शेंदूर तेलात कालवून दाताला लावला, फिरवला, तर छाप पार दाताच्या मुळाशी. पिनियन खोल बसलेली. नवीन पिनियनखाली जुन्या पिनियनचीच शिम, म्हणजे खोली जुळवायची पातळ चकती, घातलेली, कुणी मोजलीच नाही. घूंऽऽ तिथनं.

मग मी जुनी जोडीच परत बसवली. नवीनच नीट सेट करता आली असती असं कुणी म्हणेल, पण ती चुकीच्या छापावर हजारभर किलोमीटर पळालेली, मुळाशी ओरखडे धरलेले, आता छाप मधे आणला तरी ती गात राहिली असती. शिम जुन्या पिनियनची, त्यामुळं फार लांब नव्हतोच. पण बेअरिंगं नवीन, म्हणून शिम थोडी कमी करावी लागली, ती उद्यमनगरात ग्राइंडिंगला दिली आणि तासाभरात अगदी शंभराव्या भागाला बरोबर घेऊन आले. या गावात हे काम करणारी माणसं चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आहेत याचं मला दरवेळी बरं वाटतं. संध्याकाळी साडेसातला छाप दाताच्या मधे आला, डायल 0.18. जोतिबाच्या घाटात चढताना ओढून आणि उतरताना सोडून दोन्ही बघितलं. आवाज नाही. फ्लँजवरची रेघ 9 वरनं 3 वर, राहिलेली चाल चाकाकडं जाणाऱ्या हाफ शाफ्टच्या स्प्लाईनची, म्हणजे टोकावरच्या खाचांची, ती तशीच सोडली.

आण्णांनी पैसे दिले आणि सरळ विचारलं, "मग त्यानं ह्ये बदललंच का?"

तो पोरगा माझ्याच हाताखाली सहा वर्षं होता. गॅरेजमध्ये आला तेव्हा सतरा वर्षांचा, हात चांगला, कामाला कधी मागं सरला नाही. आणि त्या काळात माझ्याकडं डायल गेज नव्हता. शाफ्ट एवढा हलतोय म्हणजे क्राऊन गेली, हे मीच त्याला शिकवलंय, याच पिटमध्ये, माझ्या तोंडानं. तेव्हा मी किती चांगल्या जोड्या काढून भंगारात दिल्या असतील? आता मोजायला कुठं जाऊ? गेज मी घेतला तो निघून गेल्यावर दोन वर्षांनी, आणि घेतल्यावर त्याला फोन करून सांगावं असं मला एकदाही सुचलं नाही. बाण जुळवले नाहीत ही मात्र त्याची स्वतःची चूक, ते मी पहिल्या महिन्यातच शिकवतो, त्यावर मी त्याला पाठीशी घालणार नाही.

आण्णांना मी म्हटलं, "हातानं बघितलं तर तसंच वाटतं ओ." हे खरं आहे पण पुरं नाही. ते थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले, मग पोतं उचललं, त्यात आता नवीन जोडी, आणि म्हणाले, "ही ऱ्हाऊ दे तुमच्याकडं. तो आला तर दाखवा."

परवा त्यांचा फोन आला. रात्री पेशंट घेऊन घाटातनं आले, थरथर नाही, घूंऽऽ नाही, रिव्हर्स टाकताना बारीक टक येतो, काय करू? म्हटलं राहू दे आण्णा, ती स्प्लाईनची, त्यानं काही तुटत नाही, सहा महिन्यांनी एकदा दाखवा आणि क्रॉसला ग्रीस मारायला विसरू नका. बरं म्हणाले. त्या पोराचं त्यांनी काही विचारलं नाही. पोतं अजून बेंचखालीच आहे.