डाव्या बाजूला पडलेलं उजवं पाऊल

फोन रविवारी रात्री आला. हकलबेरी नावाची रानफळं वेचायला गेलेल्या एका कुटुंबाला लाकूडतोडीच्या जुन्या रस्त्यावर ओळीने सतरा ठसे दिसले होते. त्यांनी पाठवलेल्या फोटोत एकच ठसा होता आणि शेजारी बूट: पाच बोटं, रुंद तळवा, निमुळती टाच. लांबी त्यांनी चौदा इंच मोजली होती.

जागा अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या दक्षिणेला, गिफर्ड पिन्शो राष्ट्रीय वनात. एका बाजूला सेंट हेलेन्स, दुसरीकडे ॲडम्स, दोन्ही ज्वालामुखी. याच भागातल्या स्कामेनिया काउंटीने १९६९ साली बिगफूटला, म्हणजे जंगलात राहतो असं मानलं जाणाऱ्या, दोन पायांवर चालणाऱ्या केसाळ महाकाय प्राण्याला, मारणाऱ्याला दहा हजार डॉलरपर्यंत दंडाची तरतूद केली होती. इथे असा फोन कुणी थट्टेवारी नेत नाही आणि आम्हीही नेत नाही. आमचं काम ठसे, केस आणि विष्ठा यांवरून प्राणी ओळखण्याचं. एरवी प्रश्न असतो तो कोंबड्या कोयोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्याने नेल्या की बॉबकॅट या रानमांजराने, एवढाच. बिगफूटचा प्रश्न आला तरी पद्धत तीच राहते: या जंगलात नक्की असलेले प्राणी एकेक करून बाद करायचे. कुणीच उरलं नाही, तर पुढचं बोलायचं.

मंगळवारी सकाळी सात वाजता पोचलो. वेळ मुद्दाम ही निवडली. सूर्य खाली असला की उजेड आडवा पडतो आणि ठशाची प्रत्येक कड सावली टाकते; दुपारी बारा वाजता तोच ठसा सपाट दिसतो. गाडी दोनशे मीटर अलीकडे थांबवली आणि रस्त्याच्या कडेच्या गवतातून चालत गेलो. त्या कुटुंबाने एक फार चांगली गोष्ट केली होती. तीन ठशांवर प्लास्टिकचे टब पालथे घालून वर दगड ठेवले होते. दोन ठशांचे साचे मात्र त्यांनी सोमवारीच घेऊन टाकले होते, तेही साध्या प्लास्टर ऑफ पॅरिसने. त्याकडे पुढे येतो.

आधी माणसांचे आणि कुत्र्याचे ठसे वेगळे काढले. तिघांच्या बुटांच्या तळव्यांचे फोटो घेतले, त्यांच्या लॅब्रेडॉरचा पंजाही. मग प्रत्येक संशयित ठशाशेजारी नंबर लावलेली तारेची बारीक झेंडी रोवली आणि सगळ्या ओळीचा एक आराखडा काढला. हे होईपर्यंत एकाही ठशावर वाकून बघायचं नाही, असा आमचा नियम आहे. सुटा ठसा माणसाला फसवतो, ओळ फारशी फसवत नाही.

पहिली शंका बनावटीची. १९५८ साली कॅलिफोर्नियात ब्लफ क्रीकला बुलडोझर चालवणाऱ्या जेरी क्रू यांना सोळा इंची ठसे सापडले आणि 'बिगफूट' हा शब्द वर्तमानपत्रांतून जगभर गेला. तिथल्या रस्त्याचे कंत्राटदार रे वॉलेस २००२ साली वारले, तेव्हा त्यांच्या घरच्यांनी लाकडी पावलांची जोडी दाखवली आणि ते ठसे तिनेच उमटवल्याचं सांगितलं. लाकडी पावलाची खूण अशी, की दर ठशात बोटांमधलं अंतर तेच, कडा त्याच, खोलीही टाचेपासून बोटांपर्यंत सारखी. जिवंत पाय तसा पडत नाही. चढावर बोटं रुततात, वळणावर एका बाजूची माती उसळते. आमच्या ओळीत हे सगळं होतं. सतरापैकी एकही ठसा दुसऱ्याची नक्कल नव्हता. हे जिवंत जनावराचे ठसे आहेत, असं त्या कुटुंबाला सांगितलं, तेव्हा त्यांचे चेहरे उजळले.

मग मोजमाप. रस्त्यावर चार-पाच सेंटिमीटर जाडीची राखेसारखी बारीक, कोरडी धूळ होती. ज्वालामुखीच्या मुलखातली माती. अशा धुळीत ठशाच्या भिंती लगेच ढासळतात आणि वरची कड बाहेर सरकते. त्या कुटुंबाने वरच्या कडेपासून कडेपर्यंत टेप धरला होता, म्हणून चौदा इंच. मोजायचा असतो ठशाचा तळ, म्हणजे जिथे पाय प्रत्यक्ष टेकला तो भाग. तळाची लांबी सर्वांत मोठ्या ठशात ३१ सेंटिमीटर भरली, सर्वांत लहान ठशात २४. एकाच प्राण्याचं पाऊल वीस पावलांच्या आत सात सेंटिमीटरने लहान-मोठं होत नाही. इथे पहिल्यांदा संशय आला, की आपण ज्याला एक ठसा म्हणतोय ते दोन आहेत.

दुसरा आकडा दोन पावलांमधल्या अंतराचा. एका ठशाच्या टाचेपासून पुढच्या ठशाच्या टाचेपर्यंत सरासरी ५८ सेंटिमीटर. सव्वीस सेंटिमीटरचं पाऊल असलेला माणूस रमतगमत चालला तरी सत्तरच्या आसपास टाकतो. एवढं मोठं पाऊल आणि एवढी आखूड चाल यांचा मेळ बसेना. शिवाय ठसे एका रेषेत नव्हते. डाव्या-उजव्या रांगांमध्ये चांगलं वीतभर अंतर होतं. रुंद छातीचं चार पायांचं जनावर असंच चालतं.

पण सगळं स्पष्ट झालं ते बोटांवरून.

माणसाचा अंगठा पावलाच्या आतल्या बाजूला असतो. अस्वलाचं उलटं आहे: आतलं बोट सर्वांत लहान, कधी कधी उमटतही नाही, आणि सर्वांत मोठं बोट बाहेरच्या बाजूला. म्हणजे अस्वलाच्या डाव्या पायाचा ठसा माणसाच्या उजव्या पावलासारखा दिसतो. फोटोत एकच ठसा असेल तर तो डावा की उजवा हे ठरवायला काही आधारच नसतो. डोळा आपोआप मोठ्या बोटाला अंगठा मानतो आणि पाऊल माणसाचं होऊन जातं. त्या कुटुंबाने पाठवलेला ठसा सगळ्यांनी, आम्हीसुद्धा, उजवं पाऊल म्हणून वाचला होता. आराखड्यात तो सहाव्या नंबरचा निघाला, आणि सहावा नंबर डाव्या रांगेत होता. मग बाकीचे तपासले. बोटं ओळखू येत होती अशा अकराही ठशांत मोठं बोट बाहेर.

राहिली लांबीची गोष्ट. काळं अस्वल चालताना मागचा पाय त्याच बाजूच्या पुढच्या पायाच्या ठशावर किंवा जरा पुढे टाकतं. पुढच्या पंजाचा ठसा आखूड आणि रुंद, मागच्याचा लांबट, टाचेसकट. मागचा वर पडला की पुढच्याची बोटं पुसली जातात आणि त्याची गादी मागून डोकावते. ती 'टाच' वाटते. दोन्हींच्या सांध्यावर मातीचा एक आडवा उंचवटा राहतो. बिगफूटच्या काही अभ्यासकांनी अशा उंचवट्याला पाऊल मध्यावर वाकत असल्याचा पुरावा मानलं आहे, म्हणून तो दिसला की आम्ही त्याच ओळीतल्या बाकीच्या ठशांत त्याची जागा बघतो. पायातला सांधा असेल तर तो दर ठशात त्याच ठिकाणी यायला हवा. इथे तो पुढे-मागे सरकत होता. चौदाव्या ठशापासून रस्ता खडा चढतो आणि जनावराची चाल बदलते. पंधरावा ठसा जवळजवळ सुटा झाला होता आणि सोळाव्यात दोन्ही पंजे वेगळे: पुढचा १३ सेंटिमीटर, मागचा साडेअठरा. तिथेच गाडीच्या चाकाच्या जुन्या चाकोरीत धुळीखाली ओलसर चिकणमाती होती आणि तिच्यात बोटांपुढे नखांची चार टोकं उमटली होती. बाकी ठिकाणी नखं का दिसली नाहीत याचं कारण धूळच. सैल मातीत नखाचं भोक पाय उचलताच बुजतं.

आमच्याकडे महाराष्ट्रात वनखात्याच्या जुन्या लोकांना ही गोष्ट नवी वाटणार नाही. वाघांची गणना एके काळी काचेवर पगमार्क गिरवून आणि प्लास्टरचे साचे घेऊन होत असे. एकाच वाघाचा पंजा ओल्या वाळूत एक आणि कोरड्या फुफाट्यात दुसराच दिसतो, हा त्या पद्धतीवरचा मोठा आक्षेप होता. राजस्थानातल्या सरिस्का अभयारण्यातले वाघ संपल्याचं २००५ च्या सुमारास उघड झाल्यावर ती मागे पडली आणि कॅमेरे आले. मातीचा गुण प्राण्याच्या पदरात पडतो, तो असा.

आता ते दोन साचे. कुटुंबातल्या आजोबांनी मोठ्या काळजीने टॉवेलात गुंडाळून आणले होते. टाचेच्या भागावर एकमेकींना समांतर, मिलिमीटरभर अंतराने बारीक रेषा होत्या, बोटांच्या ठशांवर असतात तशा. त्यांचं सगळं म्हणणं या रेषांवर उभं होतं, आणि त्यांना तसं वाटणं साहजिक होतं. कॅलिफोर्नियातल्या ओनियन माउंटनच्या १९६७ सालच्या साच्यावरच्या अशाच रेषांना कातडीच्या रेषा म्हटलं गेलं होतं. पुढे मॅट क्राउली यांनी प्रयोग करून दाखवलं, की बारीक कोरड्या मातीत प्लास्टर ओतलं की माती त्यातलं पाणी झपाट्याने शोषते आणि पसरत जाणाऱ्या प्लास्टरच्या कडेशी अशा रेषा आपोआप तयार होतात.

तोंडी सांगण्यापेक्षा तिथेच करून दाखवलं. ठशांपासून सहा मीटरवर, त्याच धुळीत, स्टीलच्या गुळगुळीत वाटीचं बूड दोनदा दाबलं. त्यांच्याच पिशवीतलं प्लास्टर, त्यांच्याच बादलीत, तेवढंच पातळ कालवलं. पहिल्या खड्ड्यात तसंच ओतलं. दुसऱ्यावर आधी लांबून बारीक तुषारांनी पाणी मारलं, माती गडद होईपर्यंत, मग ओतलं. अर्ध्या तासाने दोन्ही उचलले. कोरड्या खड्ड्यातल्या साच्यावर रेषा, ओल्यातला साफ. आजोबांनी दोन्ही साचे बराच वेळ बोट फिरवून पाहिले, आणि आपला साचा पुन्हा टॉवेलात ठेवण्याआधी आम्हाला त्या रेषांचे जवळून फोटो घ्यायला सांगितले.

टबाखालच्या तीन ठशांचे साचे आम्ही घेतले, ते नेहमीच्या क्रमाने. आधी ताडपत्रीची सावली, कॅमेरा तिवईवर बरोबर उभा खाली तोंड करून, इंग्रजी एल आकाराची पट्टी ठशाच्या तळाच्या पातळीला. पट्टी वर कडेवर ठेवली तर लांबी चुकते. चार बाजूंनी टॉर्चचा आडवा उजेड टाकून चार फोटो. मग फिरत फिरत पन्नासेक फोटो, प्रत्येकात आधीच्याचा दोन-तृतीयांश भाग येईल असे, म्हणजे संगणकावर त्रिमितीय आकृती बांधता येते. साचा घेताना ठसा मोडला तरी ती आकृती राहते. मग पाण्याचे तुषार, आणि प्लास्टर ऑफ पॅरिसऐवजी दातांच्या प्रयोगशाळेत वापरतात ते डेंटल स्टोन. एका ठशाला दोन किलो पावडर, सुमारे सातशे मिली पाणी, झिपच्या पिशवीत धिरड्याच्या पिठाइतकं पातळ होईतो मळायचं. थेट ठशात ओतायचं नाही. कडेला ओतून आत वाहू द्यायचं, नाहीतर धारेनेच तळ खणला जातो. तीस मिनिटांनी उचलायचं आणि लगेच घासायचं नाही. दोन दिवस वाळल्यावर मऊ ब्रशने धुवायचं. घाईत चिकटलेली माती खरवडणारे बारीक तपशीलही खरवडून टाकतात.

चढाच्या वर फर जातीच्या एका झाडाच्या खोडावर राळेत अडकलेले केस होते. जमिनीपासून सात फुटांवर, असं आम्हाला सांगितलं होतं. खरं होतं, पण उताराच्या खालच्या बाजूने. वरच्या बाजूला, जिथे जनावर खरोखर उभं राहू शकतं तिथून मोजलं तर दीड मीटर, म्हणजे पाच फूट. मागच्या दोन पायांवर उभं राहून पाठ घासणाऱ्या अस्वलाला ही उंची सहज जमते.

अकरा केस मिळाले. दर केसाला नवे हातमोजे, ब्लीचने पुसून स्वच्छ केलेला चिमटा, कागदी पाकीट आणि बाहेर सिलिका जेल. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, बुरशी येते आणि डीएनए संपतो. तिथे असलेल्या प्रत्येकाचा, आमचाही, एकेक केस आणि गालाच्या आतल्या बाजूचा नमुना घेतला, कुत्र्याचेही केस. हे केलं नाही तर पुढे निकालात 'माणूस' आला की त्याचा अर्थच लावता येत नाही.

प्रयोगशाळेत चारशेपट मोठं करून पाहिल्यावर तीन केस एल्क या मोठ्या हरणाचे निघाले. हरणवर्गात केसाची आतली मज्जा जवळजवळ सगळी रुंदी व्यापते आणि जाळीदार दिसते; केस वाकवला की काडीसारखा मोडतो. १९७६ साली बिगफूटचा शोध घेणाऱ्या पीटर बर्न यांनी एफबीआयकडे पंधरा केस पाठवले होते. पुढच्या वर्षी उत्तर आलं ते हेच, हरीणवर्ग. आमच्या अकरापैकी एक केस माणसाचा होता, टोक कात्रीने कापलेलं. उरलेले सात जाड, काळपट, मज्जा अरुंद आणि तुटक, सोबत खालची लोकर. अस्वल. त्यातल्या मूळ शाबूत असलेल्या दोन केसांचा डीएनए काढला: अमेरिकी काळं अस्वल, दोन्ही वेळा.

डीएनएचा निकालही डोळे मिटून घ्यायचा नसतो. २०१४ साली जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांच्या गटाने जगभरातून आलेले यती आणि बिगफूटचे केस तपासले. लडाख आणि भूतानचे दोन केस प्राचीन ध्रुवीय अस्वलाशी जुळतात असं त्यांनी जाहीर केलं. तुलनेसाठी घेतलेला डीएनएचा तुकडा फक्त १०४ अक्षरांचा होता. दुसऱ्यांनी फेरतपासणी केल्यावर ते हिमालयातल्या तपकिरी अस्वलाचे असल्याचं दिसलं. २०१७ साली शार्लट लिंडक्विस्ट यांनी यतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने जास्त लांब तुकड्यांनी तपासले: आठ अस्वलं, एक कुत्रा.

मूळ नसलेल्या एका जाड केसातून मात्र काहीच निघालं नाही. दोनदा प्रयत्न केला. नवव्या पाकिटातला तो केस. अहवालात त्याच्यापुढे 'बाह्यरचना अस्वलाची, डीएनए मिळाला नाही' असं लिहिलं. आजोबांचा फोन आला तो त्यावरच. "म्हणजे तो दुसऱ्या कशाचा असू शकतो ना?" केसाचा दांडा उन्हात आणि राळेत किती दिवस होता कोण जाणे, त्यात वाचण्याजोगा डीएनएच शिल्लक नव्हता, आणि न वाचता आलेलं पान म्हणजे अनोळखी लिपी नव्हे, असं त्यांना सांगितलं. ते थोडं थांबले. मग विचारलं, पुढच्या सप्टेंबरला हकलबेरीला जाताना डेंटल स्टोन किती न्यावा. पाच किलो, पाण्याची तुषारबाटली, दोन पट्ट्या आणि झेंड्या, असं सांगितलं. नववं पाकीट उणे वीस अंशांवर ठेवलेलं आहे.